नदीची रेती, धरणाचा गाळ : पाय रुतला तर काय करायचं, काय नाही

पांढुर्णा/सौंसर : पाऊस उघडला, पाणी उतरलं की जाम आणि कन्हानच्या काठावर पुन्हा वर्दळ सुरू होते. पोळ्यासाठी बैल धुवायला नेतात, गणपती-देवीचं विसर्जन असतं, मासोळ्या धरणारे जाळी घेऊन निघतात, शाळेला दांडी मारून पोट्टे पोहायला जातात. उन्हाळ्यात तलाव आणि जलाशय आटतात, तेव्हा मधल्या पाण्यापर्यंत पोचायला गुरं आणि गुराखी दोघंही गाळ तुडवत जातात. या दोन्ही वेळी एक धोका सारखाच असतो. वरून घट्ट दिसणाऱ्या जमिनीत पाय घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत जातो आणि निघत नाही.

सिनेमात दलदल माणसाला डोक्यापर्यंत गिळते, वर फक्त टोपी तरंगत राहते. प्रत्यक्षात तसं होत नाही. चिखल माणसाला धरून ठेवतो, आणि जीव जातो तो धरलेल्या अवस्थेत दुसरं काही आलं म्हणून. वरून पाणी वाढतं, माणूस धडपडून तोंडावर पडतो, दिवसभर उन्हात अडकून राहतो, नाहीतर वाचवायला धावलेला दुसरा माणूस बाजूच्या खड्ड्यात जातो. म्हणून फसल्यानंतरची पहिली दोन-चार मिनिटं आणि काठावर उभ्या असलेल्या लोकांचं डोकं, या दोन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं.

जामचा चिखल, कन्हानची रेती

पांढुर्ण्याकडची जमीन मुख्यतः काळी. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची झीज होऊन ती तयार झाली आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून फाटते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात त्या याच मातीच्या. हीच माती वाहून नाल्यात, स्टॉपडॅममागे आणि तलावात बसते तेव्हा तिचा गाळ लोण्यासारखा मऊ आणि डिंकासारखा चिकट होतो. यात पाय रुतला तर तो हळूहळू जातो, पण पकड जबर असते.

कन्हानची तऱ्हा वेगळी. ही नदी छिंदवाडा जिल्ह्याच्या सातपुड्यातून उतरते, सौंसर तालुक्यातून पुढं नागपूर जिल्ह्यात जाते. तिच्या पात्रात रेती आहे, आणि त्या रेतीला नागपूरच्या बांधकामांत मोठी मागणी आहे. रेतीचे कण एकमेकांवर टेकून बसलेले असतात तोवर त्यांच्यावरून ट्रॅक्टरही जातो. पण खालून पाणी झिरपत वर येत असेल, तर ते कणांना थोडं उचलून धरतं. कणांचा एकमेकांना असलेला आधार सुटतो. दिसायला रेती तशीच, पण वजन पडताच ती खिरीसारखी हलते. इंग्रजीत क्विकसँड म्हणतात ती हीच धसणारी रेती. त्यासाठी वाळवंट लागत नाही, रेती आणि खालून दाबानं येणारं पाणी एवढं पुरतं. पूर ओसरल्यावर काठातलं पाणी नदीकडं परत झिरपत असतं, त्या आठ-पंधरा दिवसांत हे जास्त होतं.

कन्हानच्या बाबतीत माणसानं केलेली एक भर आहे. रेती काढून झालेले खड्डे. देशातल्या रेती उत्खननाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत खोली तीन मीटरपर्यंत किंवा पाण्याच्या पातळीपर्यंत, जे कमी असेल तेवढीच ठेवावी असं सांगितलं आहे. कागदावर तीन मीटर म्हणजेसुद्धा दोन पुरुषांच्या जवळपास खड्डा झाला. पावसाळ्यात पूर असा खड्डा भरून टाकतो, पण त्यात बसलेली रेती नवी, सैल आणि पाण्यानं फुगलेली असते. अर्धवट भरलेला खड्डा त्याहून वाईट. गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस एका पावलात गळ्यापर्यंत जातो. पोहायला जाणाऱ्या पोरांना सांगायची पहिली गोष्ट हीच, की मागच्या वर्षी जिथं उथळ होतं तिथं यंदा उथळ असेलच असं नाही.

जामच्या बाबतीतही हे खरं आहे. गोटमारीच्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडचा माणूस जामच्या पात्रात असतो, नदीमध्ये पळसाचं झाड रोवलं जातं, म्हणून पात्र आपल्या ओळखीचं आहे असं इथल्या प्रत्येकाला वाटतं. पण गाळ कुठं बसायचा ते दरवर्षीचा पूर ठरवतो. बाहेरगावचे लोक, जसे जामसावळीच्या हनुमानाला येणारे भाविक, त्यांना तर तेवढीही ओळख नसते.

जागा कशी ओळखायची

स्टॉपडॅमच्या किंवा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ ठरलेलाच. पाणी थांबतं तिथं माती खाली बसते. नाला जिथं नदीला किंवा तलावाला मिळतो ते तोंड, नदीच्या वळणाची आतली बाजू, पुलाच्या खांबांभोवतीचा भाग, बंद पडलेली मुरमाची खदान आणि वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे या सगळ्या संशयाच्या जागा. पुलाच्या खांबाजवळ पूर भोवरा करून तळ खोदतो आणि उतरताना तोच खड्डा सैल रेतीनं बुजवतो. वरून काही कळत नाही.

आटत्या जलाशयाचा काठ फसवा असतो. वर दोन-चार बोटं जाडीची सुकलेली खपली, तिला भेगाही पडलेल्या, आणि खाली ओला गाळ. भेगा पडल्या म्हणजे जमीन वाळली, हा हिशोब इथं चालत नाही. भेगेत काठी घालून पाहावी. काठी आपल्याच वजनानं खाली गेली तर पुढं जायचं नाही. दुसरी खूण म्हणजे चमक. बाजूची रेती निस्तेज आणि एकच पट्टा ओलसर चकाकत असेल, तिथं बुडबुडे येत असतील, किंवा पाय आपटल्यावर आजूबाजूची जमीन दह्यासारखी थरथरत असेल, तर मागं फिरावं. बेशरमाची झुडपं आणि पाणकणसाचं दाट बन जिथं वाढलंय तिथं पाणी-गाळ कायम असतो असं समजायला हरकत नाही.

गुरांच्या खुरांवर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये. म्हैस गेली म्हणजे माणूस जाईल, असं जुने लोक म्हणतात. म्हैस पोटावर टेकूनही निघून येते, माणसाचं सगळं वजन दोन लहान तळव्यांवर असतं.

ज्याला जायचंच आहे त्यानं हातात डोक्याएवढ्या उंचीची काठी घ्यावी आणि प्रत्येक पावलाआधी ती टोचावी. एकट्यानं जाऊ नये. दोघं असतील तर एकामागं एक, मध्ये पाच-सात पावलं अंतर ठेवून चालावं, म्हणजे पुढचा फसला तर मागचा घट्ट जमिनीवर राहतो.

विज्ञान काय सांगतं

नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी इराणमधल्या एका खाऱ्या सरोवराजवळच्या धसणाऱ्या रेतीवर प्रयोग केले आणि २००५ मध्ये ते 'नेचर' या नियतकालिकात छापून आले. निष्कर्ष सोपा होता. अशा रेतीचं एक लिटर साधारण दोन किलो भरतं, माणसाच्या शरीराचं जवळपास एक किलो. म्हणजे माणूस तिच्यात अर्धाच, कमरेच्या आसपास बुडतो आणि मग तरंगतो.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. एकदा हललेली रेती तळाशी घट्ट बसते. तिच्यातून पाय सेकंदाला एक सेंटीमीटर एवढ्या गतीनं उपसायचा तर मध्यम आकाराची कार उचलायला लागेल एवढी ताकद लागते. चार माणसांनी काखेत हात घालून ओढलं तरी का निघत नाही, याचं उत्तर यात आहे. पाय वर ओढला की तळव्याखाली पोकळी होऊ पाहते. ती भरायला हवा किंवा पाणी पोचत नाही, म्हणून खालून कुणीतरी ओढतंय असं वाटतं. तिथपर्यंत पाणी पोचवलं की पकड सुटते. सुटकेची सगळी युक्ती यावर उभी आहे.

एक गोष्ट इथं नीट लक्षात घ्यावी. कमरेपर्यंतच बुडतो हा दिलासा उघड्या चिखलापुरता आहे. गाळावर दोन-तीन फूट पाणी उभं असेल, तर पाय कमरेइतके आत गेलेल्या माणसाचं तोंड सहज पाण्याखाली जातं. तलावाच्या आणि जलाशयाच्या काठाला हीच परिस्थिती असते. म्हणून तिथं पोहता येणाराही सुरक्षित नाही.

पाय रुतला तर

पहिला पाय घोट्यापर्यंत गेला की माणूस तोल सांभाळायला दुसरा पाय पुढं टाकतो. चूक इथंच होते. दुसरा पाय पुढं टाकायचा नाही. वजन मागच्या पायावर घ्यायचं, जिथून आलो तिकडं मागं रेलायचं, आणि पुढचा पाय टाच-चवडा हलवत सोडवायचा. घोट्याच्या टप्प्यावर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पाय गुडघ्याच्या वर गेला असेल तर आधी थांबावं. पाठीवरची पिशवी, खांद्यावरचं जाळं, डोक्यावरचं गवताचं ओझं खाली टाकावं, पण लांब फेकू नये. चिखलावर पसरलेलं पोतं किंवा गवताचा भारा टेकायला कामी येतो. मोबाईल पँटच्या खिशात असेल तर लगेच काढून शर्टच्या वरच्या खिशात ठेवावा. गमबूट घातला असेल तर बूट सोडून पाय काढायला पाहावं. बुटाचा मोह धरू नये.

मग खाली बसल्यासारखं करून हळूहळू पाठीवर रेलायचं, हात दोन्ही बाजूंना पसरायचे. चिखलात पाठ टेकवायची म्हटलं की जिवावर येतं, कुणालाही येतं. पण सगळं वजन तळव्यांवरून निघून पाठीवर पसरतं ते त्यामुळंच. आता एक पाय, एकच, लहान लहान गोल फिरवत हलवायचा. झटका द्यायचा नाही. फिरवण्यानं पायाभोवती फट पडते, तिच्यातून पाणी खाली उतरतं, आणि पाय बोट-बोट वर येतो. एक पाय वर आला की तो पृष्ठभागावर आडवा ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दोन्ही सुटले तरी उभं राहायचं नाही. लोळत किंवा कोपरांवर सरपटत, आलेल्या वाटेनंच मागं यायचं. पुढचा काठ जवळ दिसत असला तरी त्या वाटेची परीक्षा झालेली नसते.

याला वेळ लागतो. अर्धा तास, कधी तासही. मध्ये दम खावा. काळ्या चिकट गाळात पाण्याचा अंश कमी असेल तर नुसत्या हलवण्यानं काम होत नाही, हातानं पायाभोवतीचा गाळ उकरावा लागतो. हात मात्र कोपरापर्यंत आत घालू नयेत. हातही अडकले की मग माणूस पूर्ण दुसऱ्यांच्या हवाली होतो.

काठावरच्यांनी काय करायचं

धावत जायचं नाही. आई-बाप, भाऊ असेल तर हे सांगणं सोपं नाही, पण ज्या जमिनीनं एकाला धरलं ती दुसऱ्यालाही धरते. एकानं फोन लावावा, एकानं फसलेल्याशी सतत बोलत राहावं, बाकीच्यांनी सामान आणावं.

सामान गावात असतंच. लाकडी शिडी, बाज, दाराची फळी, टिनाचा पत्रा, पऱ्हाटीच्या किंवा तुऱ्हाटीच्या पेंढ्या. हे चिखलावर आडवं अंथरून वाट करायची आणि त्यावरून पोटावर सरपटत फसलेल्यापर्यंत जायचं. जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि त्याचं टोक काठावर दोघांच्या हातात असावं. फसलेल्याच्या काखेखालून दुसरा दोर घालायचा, पण तो ओढायला नाही. तो आणखी खाली जाऊ नये, तोंड वर राहावं, एवढ्यासाठीच.

ट्रॅक्टर किंवा जेसीबीला दोर बांधून माणसाला ओढणं हा सगळ्यात घातक उपाय, आणि घाईत नेमका तोच सुचतो. कार उचलण्याइतकी ताकद पायाच्या मुळाशी आणि पाठीच्या मणक्यावर पडते. सांधा निखळतो किंवा त्याहून वाईट होतं.

त्यापेक्षा पाणी आणा. चिखलातल्या सुटकेसाठी जगभरातली बचाव पथकं लांब नळी पायाच्या कडेनं खाली घालून तिच्यातून पाणी किंवा हवा सोडतात. तळव्याखाली पाणी पोचलं की पकड ढिली पडते. आपल्याकडं ओलिताचा पंप आणि पाईप बहुतेक वावरात आहे. बारीक पाईप कमी दाबानं पायालगत घालावा. संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतात ती दाबाची गन मात्र लावू नये. तिची धार कातडी फाडते, आणि टाकीत औषधाचा अंश असतो तो वेगळाच. पंप नसेल तर बादलीनं पाणी ओतत पायाभोवती हातानं फट करत जावं.

बाहेर काढलेल्या माणसाला लगेच उभं करू नये. पाय बधिर असतात, तो पडतो. तोंडात-नाकात गाळ गेला असेल तर कुशीवर वळवून बोटानं साफ करावं. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दाब देणं सुरू करून १०८ ची गाडी येईपर्यंत थांबवू नये. कोरडे कपडे आणि शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्यावं. जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी घ्यावं. गुरांच्या मुतानं आणि उंदरांमुळं दूषित झालेल्या गाळातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर चिखलात फसलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. न सांगता साधा ताप म्हणून गोळ्या खाणारेच जास्त.

बैल, म्हैस, ट्रॅक्टर

या भागात माणूस गाळात उतरतो तो बऱ्याचदा जनावरासाठी. ऐन उन्हाळ्यात तलावात बसलेली गाय निघत नाही आणि मालक मागंपुढं न पाहता आत जातो. लाखाची बैलजोडी डोळ्यांसमोर फसलेली असताना त्याला थांब म्हणणारा माणूस शहाणा असला तरी वैरी वाटतो. तरी नियम तोच. आधी फळ्या, मग माणूस. जनावराच्या मानेला किंवा शिंगाला दोर लावून ओढू नये. छातीखालून आणि मागच्या पायांमागून रुंद पट्टा, नसेल तर गुंडाळलेलं पोतं किंवा ताडपत्री घालावी, पायांभोवतीचा गाळ उकरून पाणी ओतावं, आणि जनावराला एका कुशीवर कलवून घसरत काढावं. डोक्याला फडकं बांधून डोळे झाकले तर ते कमी धडपडतं. लाथेच्या टप्प्यात उभं राहू नये. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडं चालतो.

ट्रॅक्टर फसला तर मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून एक्सलेटर देण्याची पद्धत आहे. चाक अडकून इंजिनच वर उचललं जातं आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. ट्रॉली सोडवून, चाकांपुढचं खणून, दुसऱ्या ट्रॅक्टरनं हळू ओढणं बरं. ओढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

आभाळ इथं कोरडं, पाऊस वर

कन्हानच्या पात्रात फसलेल्या माणसाचा खरा शत्रू वरून येणारं पाणी आहे. सौंसरला ऊन पडलेलं असतं आणि वर सातपुड्यात पाऊस झालेला असतो. गुडघाभर रेतीत अडकलेल्याला दोन फूट वाढलेलं पाणी पुरेसं होतं. इंग्लंडमधल्या मोरकॅम खाडीत ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर गेले, ते भरतीच्या पाण्यानं. त्या खाडीच्या रेतीतून पलीकडं नेणारा अधिकृत वाटाड्या नेमण्याची तिथं शतकांची परंपरा आहे, कारण भरती-ओहोटीनं रेती रोज बदलते. मजुरांना ना वाट माहीत होती, ना भरतीची वेळ. जाम-कन्हानला भरती नाही. पण पाण्याला गढूळ रंग येणं, काड्या-कचरा वाहत येणं, वरून घोंघाट ऐकू येणं, यातलं काहीही जाणवलं तर सामान तिथंच टाकून पात्र सोडावं. कुणी आधीच फसलेलं असेल, तर त्याचं तोंड पाण्यावर ठेवणं हे पहिलं काम. पाय नंतर.

फोन कसा करायचा

पोलीस, अग्निशमन आणि बचावासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. मध्य प्रदेशात पूर-पाण्यातल्या बचावासाठी होमगार्डच्या अंतर्गत एसडीईआरएफचं पथक असतं. २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सांगताना पांढुर्णा जिल्हा असंच सांगावं. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी नागपूर किंवा अमरावतीकडचा टॉवर पकडतो आणि ११२ चा कॉल तिकडच्या नियंत्रण कक्षात लागू शकतो. म्हणून आधी राज्य, मग जिल्हा, तहसील आणि गावाचं नाव. त्यानंतर नदीचा कोणता काठ, जवळचा पूल, मंदिर किंवा स्टॉपडॅम, आणि गाडी कुठपर्यंत येईल तेही. पांदण रस्ता ओला असेल तर तसं आधीच सांगावं आणि एका माणसाला पक्क्या सडकेवर उभं करावं, नाहीतर बचावाची गाडीही त्याच पांदणीत फसते.